दोनशे बारावं गाव

प्रोग्राम रोज दोनशे बाराव्या गावाशी पडायचा.

पहिली दोनशे अकरा गावं सुरळीत पार पडायची. कोणत्या विहिरीचं पाणी, टँकरच्या किती खेपा, कोणता रस्ता, सगळं ओळीनं पडद्यावर उतरायचं. मग दोनशे बाराव्याच्या जागी इंग्रजीत एक ओळ यायची, ‘सेगमेंटेशन फॉल्ट’, म्हणजे मेमरीत भलत्याच जागी हात गेला, आणि त्यापुढं काही नाही. दोनशे बारावं गाव म्हणजे उदगीरकडचं कौठाळी. विरूपाक्ष खानापुरेचं गाव तेच, आणि त्याची आई मल्लम्मा तिथं एकटी राहत होती. प्रोग्राम लिहिणाराही विरूपाक्षच. त्यामुळे ‘पोरगं लातुरात बसलंय अन् आईच्याच गावाचं पाणी अडतंय’ असं जे गावात बोललं जायचं त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं म्हणता येत नाही.

साल दोन हजार सोळा, महिना मे. लातूर शहराला रेल्वेनं पाणी येत होतं आणि त्याचे फोटो देशभर जात होते. खेड्यांना टँकर होते, त्यांचे फोटो कोणी काढत नव्हतं. टँकर कमी आणि गावं जास्त, म्हणून वाटप यंत्राने, म्हणजे नि:पक्षपातीपणे व्हावं असं ठरलं आणि त्यासाठी लातुरात एका बंद पडलेल्या लॉजच्या पहिल्या मजल्यावर जलवाटप नियोजन केंद्र उघडलं गेलं. विरूपाक्ष नांदेडच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक शिकवायचा. उन्हाळ्याच्या सुटीत काम नाही हे कोणाच्या तरी ध्यानात आलं आणि त्याला तिथं पाठवण्यात आलं.

त्याच उन्हाळ्यात नव्या जिल्ह्याचीही हवा होती. जिल्हा अजून झाला नव्हता, पण होणार हे नक्की होतं, आणि असं गेली पंधरा वर्षं नक्की होतं. यंदा फरक एवढाच की वरून तोंडी सूचना आली: यादी आतापासूनच दोन भागांत काढा. आधी जुना जिल्हा, गावं दोनशे अकरा. मग मथळा ‘नवा जिल्हा (नियोजित)’, गावं चौसष्ट. त्या चौसष्टांतलं पहिलं कौठाळी.

प्रोग्राम पडला की केंद्रातले मुख्य लिपिक सिद्धलिंगअप्पा खुर्ची मागं सरकवायचे आणि कानावरची पेन्सिल काढायचे. दोनशे अकरा गावांना देऊन जे टँकर उरायचे, ते या चौसष्टांत हाताने वाटायचे. उरायचे सतरा-अठरा. अप्पा पापभीरू माणूस. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय चहा घेत नसत आणि वाटपात कोणाचा पैसा घेत नसत. ते गावं पाळीनं घ्यायचे. त्या पाळीत कौठाळीला चौथ्या दिवशी टँकर मिळायचा. टँकर रोजचा हवा, हे शाळेतल्या पोरालाही कळत होतं.

“सर, पाऊस तरी कुठं पुरता पडायलाय?” अप्पा म्हणायचे. “जेवढं आलं तेवढं आलं. उरलेलं मी बगतो.”

“तसं नाही अप्पा. हे पडायला नको.”

“पडायलंय मात्र नेमानं. एवढा नेम तर आमच्या हापिसात कुणाचाच न्हाई.”

विरूपाक्षला हे लागायचं. त्याने प्रोग्राम ओकॅमल नावाच्या भाषेत लिहिला होता. या भाषेचं चिन्ह उंट. दुष्काळाच्या कामाला याहून योग्य भाषा सापडणार नाही, असा विनोद त्याने पहिल्या बैठकीत केला होता आणि त्यावर कोणी हसलं नव्हतं. ती फंक्शनल पद्धतीची भाषा. म्हणजे काय, तर एकदा एखाद्या नावाला जी किंमत दिली ती दिली. मागाहून कोणी येऊन ती गुपचूप फिरवायची नाही. बारा वर्षं तो हे शिकवत आला होता. ज्या माणसाचा सातबारा दोनदा परस्पर फिरलेला आहे, त्याला ही कल्पना जवळजवळ अध्यात्मासारखी वाटते.

हिशोबाचा गाभा मात्र त्याचा नव्हता. कोणत्या विहिरीतून कोणत्या गावाला किती पाणी काढता येईल याचं मंजूर सूत्र ब्याण्णव साली रामकिशन तळणीकर नावाच्या उपअभियंत्याने सी भाषेत बसवलं होतं. सूत्राला मंजुरी होती, ते दुसऱ्या कोणाला समजत नव्हतं, आणि या दोन गोष्टी एकत्र आल्या की ती वस्तू सरकारात अमर होते. म्हणून विरूपाक्षचा प्रोग्राम एकेका गावाचं नाव घेऊन त्या सी कोडच्या दारात जायचा, तिथून उत्तर आणायचा आणि छापायचा. दोनशे अकरा वेळा उत्तर यायचं.

कुठं पडतंय हे बघायला त्याने मध्ये एक छापायची ओळ घातली. त्याबरोबर प्रोग्राम दोनशे बाराला पडायचा थांबला आणि दोनशे एकतीसला पडला. ओळ काढली, पुन्हा दोनशे बारा. डॉक्टरच्या पायरीवर चढलं की दुखणं थांबतं, घरी आलं की पुन्हा सुरू होतं, तसा प्रकार. त्याने कॉलेजातल्या सहकाऱ्यांना विचारलं. एकाने यंत्र बंद करून चालू करायला सांगितलं. दुसऱ्याने भाषा बदलायला सांगितलं. त्याने वरिष्ठांना लेखी कळवलं की बिघाड मेमरीचा आहे. आठ दिवसांनी एक माणूस मेमरीची नवी पट्टी घेऊन आला आणि बसवून, पोच घेऊन गेला. प्रोग्राम दोनशे बाराला पडला.

आईचा फोन रोज सकाळी यायचा.

“इरू, आज हाय का?”

“आज नाही अव्वा. तू नांदेडला ये म्हणतो तर येत नाहीस.”

“कशी येऊ? घागर लायनीत हाय की. मी आले अन् टँकर आला तर नंबर जाईल.”

“इथं नळ आहे, अव्वा.”

“तुझ्या नळाला बी चार दिवसाला येतंय म्हणं. मंग तिकडं येऊन काय करू?”

मल्लम्मा पंचाहत्तरीची. गावातली धडधाकट माणसं दोन कोसांवरच्या बोअरवर जायची, तिचे गुडघे तेवढे चालत नव्हते. शेजारची सिंधु एक हंडा आणून द्यायची, पण तिच्याही घरात खाणारी-पिणारी सहा तोंडं.

प्रोग्राम पडू लागल्याच्या विसाव्या दिवशी विरूपाक्ष हदगावला गेला. तळणीकर निवृत्त होऊन तिथं बियाणं-खतांचं दुकान टाकून बसले होते. पेरणी लांब होती, गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी पोत्यावरच जागा करून दिली आणि कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशवीतून आपल्या कोडचा छापील गठ्ठा काढला. सोबत पेन ड्राइव्हही दिला, पण तो एका हाताने; गठ्ठा दोन्ही हातांनी.

“चोवीस वर्षं झाली,” ते म्हणाले. “एकदा बी पडला न्हाई. आता तुमच्या उंटानं लाथ मारली त मी काय करू, सर?”

विरूपाक्षने पानं चाळली. अक्षरागणिक काटकसर. एका ठिकाणी त्याने बोट ठेवलं. “काका, इथं तुम्ही गावाचं नाव उतरवून घेतच नाही. ते मेमरीत कुठं ठेवलंय तेवढा पत्ता लिहून ठेवता.”

“हाव. मंग? नाव एकदा यादीत हाय ना? पुन्हा काहून उतरवायचं? एका नावाला वीस अक्षरं धरा. तीनशे गावं. सहा हजार अक्षरं नुसती नावात गेली. आम्ही बहात्तरच्या दुष्काळातली पोरं. अंगावरचं पाणी भांड्याला अन् भांड्याचं पाणी म्हशीला. मी मेमरी उधळून राहिलो असं कोणी दाखवून द्यावं.”

“आता त्या यंत्रात साऱ्या मराठवाड्याची नावं दहा हजार वेळा मावतील.”

“धरणात बी लई मावतं, सर. हाय का त्यात?”

विरूपाक्षने पुढचं पान उलटलं.

“अन् नाव जिथं ठेवलं तिथंच राह्यते,” तळणीकर म्हणाले. “गाव काय उठून चालते व्हय?”

हे बोलले मात्र, दोघांनाही त्र्याण्णवचा भूकंप आठवला. त्यानंतर गावंच्या गावं उचलून दुसरीकडं वसवली होती.

“हे त्याच्या आधीचं लिव्हलेलं हाय,” गठ्ठ्याकडं बघत तळणीकर म्हणाले.

तरीही विरूपाक्षला कोडमध्ये चूक दिसेना. त्याच्या भाषेत नाव बदलत नाही. बदलत नाही त्याचा पत्ता लिहून ठेवला तर बिघडलं कुठं? तळणीकरांची काटकसर आणि त्याचं अध्यात्म, दोन्ही आपापल्या जागी निर्दोष होतं. चूक कोणाचीच नाही असं ठरलं, दोघांनी अर्धा-अर्धा चहा घेतला, आणि विरूपाक्ष हदगाव-नांदेड-उदगीर अशा तीन एसट्या बदलून दुसऱ्या दिवशी सकाळी कौठाळीला पोचला.

टँकर येऊन तीन दिवस झाले होते. शाळेच्या भिंतीला लागून घागरींची रांग होती. स्टीलच्या, पितळेच्या, प्लॅस्टिकच्या, आणि मध्येमध्ये तेलाचे डबे. माणसं घरी, घागरी उभ्या. कौठाळीत रांग अशीच लागते. ज्याला तातडीनं भांडं लागतं तो आपली घागर घेऊन जातो, जागा मोकळी पडते. मग रोज सकाळी कोतवाल येऊन पायाने घागरी पुढं सरकवतो, म्हणजे मधली भोकं बुजतात आणि रांग रस्त्यावर जात नाही.

कोतवालाचं सरकवून झालं होतं. सिंधु तावातावाने आली आणि शाळेच्या खांबापासून मोजू लागली.

“पाच, सहा, सात. हिला कुणी हात लावला? माझी सातवी व्हती. ही कुणाची हाय?”

“माझी हाय ती, ठेव खाली,” दारात बसलेली मल्लम्मा म्हणाली.

“मामी, मी काल मोजून गेलते. खांबापासनं सातवी.”

“काल सातवी व्हती. मधल्या दोन गेल्या, आज तुझी पाचवी. तुला म्हटलं की न्हाई, जागा ध्यानात ठेवत नसतेत म्हणून? चिंधी बांधावी. घागर कुठं बी सरकंना, चिंधी घागरीसंगं जाती.”

मल्लम्माच्या घागरीच्या गळ्याला जुन्या इरकली लुगड्याची हिरवी चिंधी होती. सिंधूने ती बघितली, घागर खाली ठेवली, आणि पाचव्या जागी आपली सापडल्यावर कोतवालाला उगीच दोन शब्द ऐकवले.

विरूपाक्ष रस्त्यातच उभा राहिला. घागर तीच होती. तिला पोचा पडला नव्हता, तिचं काही बदललं नव्हतं. ती फक्त हलली होती.

त्याच्या भाषेलाही एक कोतवाल होता. मेमरी भरत आली की तो येतो, नको असलेल्या वस्तू काढून टाकतो आणि हव्या असलेल्या सरकवून एका जागी आणतो. आपल्या माणसांना नवी जागा सांगतो. बाहेरून आलेल्या सी कोडला तो ओळखत नाही, कारण त्याने चिंधी बांधलेली नसते. दोनशे अकरा गावं होईपर्यंत मेमरी भरत नव्हती. दोनशे बाराव्याला भरायची, कोतवाल यायचा, नावं सरकायची, आणि तळणीकरांचा कोड खांबापासून सातव्या जागी हात घालायचा. हे सगळं ओकॅमलच्या पुस्तकात होतं. मागच्या परिशिष्टात. विरूपाक्ष पोरांना परिशिष्टं सोडून द्यायला सांगायचा.

“अव्वा,” तो म्हणाला, “सापडलं.”

“काय सापडलं? पाणी?”

“नाही. चूक.”

“बरं झालं,” मल्लम्मा म्हणाली. “तांब्यात घोटभर हाय, पी.”

लातूरला परतल्यावर त्याने दोन ओळी घातल्या. ‘हे नाव माझ्या वापरात आहे, सरकवलं तर मला कळव’ एवढाच त्यांचा अर्थ. प्रोग्राम चालू केला. दोनशे अकरा. दोनशे बारा, कौठाळी, एक टँकर, दोन खेपा. दोनशे तेरा. विरूपाक्षने खुर्चीचा हात धरून ठेवला होता. दोनशे पंचाहत्तरावं गाव छापून प्रोग्राम आपणहून थांबला. यंत्राने जुन्या जिल्ह्यातल्या भरल्या पोटाच्या गावांच्या खेपा कापून नव्या जिल्ह्याला एकतीस टँकर काढले होते. अप्पांना इतक्या दिवसांत असं धाडस झालं नव्हतं.

अप्पांनी पानं जुळवली, टाचणी लावली आणि जिल्ह्याच्या साहेबांकडं सहीला घेऊन गेले. तासाभरात परत आले. दोनशे अकरावर सही होती. मथळ्याखालच्या चौसष्टांवर नव्हती.

“साहेब म्हणायलेत, नव्या जिल्ह्यावर मी कशी सही करू? ते माझ्या हद्दीत न्हाई.”

“मग कोणाच्या?”

“नव्या जिल्ह्याच्या साहेबांच्या.”

“ते कुठं आहेत?”

“त्यांची खुर्ची आलीया,” अप्पा म्हणाले. “पाटी बी आलीया. साहेब यायचे ऱ्हायलेत.”

“पण अप्पा, तुमच्या पेन्सिलच्या यादीवर तर रोज सही होत होती. गावं तीच.”

“ते नियम अकराखाली, सर. यंत्र बिघडलं तर लिपिकानं हातानं यादी करावी अन् ती जुन्याच जिल्ह्यात धरावी. बिघाड झाला तर सगळी गावं साहेबांची. बिघाड न्हाई झाला तर कशी धरावीत?”

“मथळाच काढून टाकतो.”

“मथळा वरून आलाय. उद्घाटनाला हाच कागद दाखवायचाय म्हणं. बगा, नव्या जिल्ह्यानं पाणी बी वाटायलंय.”

एकतीस टँकर त्या दिवशी जागेवरच उभे राहिले. दुसऱ्या दिवशीही. विरूपाक्षने साहेबांच्या दारात दीड तास काढला. साहेब सज्जन होते, त्यांनी लिंबू-सरबत मागवलं, प्रोग्रामचं कौतुक केलं, आणि हद्दीबाहेर काही करता येत नाही याबद्दल मनापासून वाईट वाटून घेतलं. आईच्या फोनवर तो “आज नाही” म्हणाला. सिंधूच्या घरचा हंडाही बंद झाला होता, हे आईने सांगितलं नाही. सिंधूनेच फोन घेऊन सांगितलं.

“भावजी, मामींनी काल भाकरी केली न्हाई. पीठ मळायला पाणी लागतं म्हणून. मी दिलं असतं, पर माझ्याकडं बी तळाला गेलंय.”

तिसऱ्या दिवशी सकाळी अप्पा त्याच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. बराच वेळ पेन्सिल कानावरून काढून पुन्हा कानावर ठेवत होते.

“सर, बोलू का नको कळंना. पैल्यासारखं पडंल, असं करता येतंय का?”

विरूपाक्षने त्यांच्याकडं पाहिलं. अप्पांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. त्याने घातलेल्या दोन ओळी काढून टाकल्या, म्हणजे घागरीची चिंधी सोडली, आणि प्रोग्राम चालवला.

दोनशे बारा. दोनशे तेरा. प्रोग्राम शेवटपर्यंत गेला. मधल्या तीन गावांची नावं उलटीपालटी झाली, एका गावाच्या नावात दुसऱ्याचं शेपूट आलं, पण पडला नाही. पुन्हा चालवला. पडला नाही. बावीस दिवस नेमाने पडणारी वस्तू, पड म्हटल्यावर उभी. का पडत नाही हे त्याला सांगता येईना; मधल्या काळात त्याने इकडच्या चार ओळी तिकडं केल्या होत्या, आता कोतवाल दुसऱ्याच वेळेला येत असणार.

“न्हाई पडत?” अप्पांनी विचारलं.

“नाही.”

“तुमी शिकलेली माणसं,” अप्पा हळहळले.

तेव्हा विरूपाक्षने आधी त्या दोन ओळी परत घातल्या. निदान नावं तरी नीट राहावीत. मग कौठाळीच्या आधी एकच नवी ओळ लिहिली: शून्य नंबरच्या पत्त्यावर जा आणि तिथं काय आहे ते वाचून ये. शून्य नंबरला कोणाचंच घर नसतं. पहिल्या वर्षाच्या पोरांना तो हीच चूक करू नका म्हणून बजावायचा. प्रोग्राम चालू केला. दोनशे अकरा, आणि सेगमेंटेशन फॉल्ट. पुन्हा चालवला, पुन्हा तिथंच. त्या उन्हाळ्यात त्याने लिहिलेली ही एकच ओळ पहिल्या फटक्यात बरोबर चालली.

अप्पांनी खुर्ची मागं सरकवली आणि कानावरची पेन्सिल काढली. यंत्र अर्ध्यावर पडल्याने जुन्या जिल्ह्याच्या कापलेल्या खेपा आपोआप जुन्या जिल्ह्याकडं परत गेल्या होत्या. उरले अठरा टँकर. अप्पा गावं पाळीनं घेऊ लागले. विरूपाक्ष त्यांच्या शेजारी स्टुलावर बसला. तोंड उघडावं की नाही याचा विचार करून शेवटी त्याने उघडलं.

“अप्पा, कौठाळी...”

अप्पांनी पेन्सिल थांबवली. ते कागदाकडंच बघत होते. “सर, तुमचं गाव हाय म्हणून आज घेतो. पर मग कुणाचं काढू ते बी तुमीच सांगा.”

त्यांनी कागद त्याच्यापुढं सरकवला. अठरा नावं होती. त्यातल्या कोणत्याच गावात त्याची आई नव्हती, बाकीच्यांच्या होत्या. विरूपाक्षने यादी दोनदा वाचली आणि कागद परत केला.

“पाळी कधी येते?”

“गुरुवारी. हुकलेली पाळी धरता येत न्हाई, सर.”

त्या दिवशी सोमवार होता. त्याने बाहेर गॅलरीत जाऊन फोन लावला.

“अव्वा, गुरुवारी येतोय टँकर.”

“बरं. घागर हाय तिथंच हाय. सरकून आता चवथी झालीया.”

“तोवर सिंधु वैनीला...”

“ते बगते मी. तू काळजी करू नगंस.” मग तिने विचारलं, “इरू, तुझं ते पडायचं थांबलं का रे?”

आत अप्पा पट्टी घेऊन उद्याच्या यादीच्या कोऱ्या कागदावर उभ्या रेघा मारत होते.

“थांबलं होतं, अव्वा,” विरूपाक्ष म्हणाला.